पाचटाखालची ओल

"टेलला पाणी सोडायचं एक कारण सांगा, मॅडम," ईई साहेब म्हणाले, म्हणजे पाटबंधारे खात्याचे कार्यकारी अभियंता. बघत मात्र पडद्याकडे होते. पडद्यावर माझा नकाशा होता.

नकाशात कालव्याच्या वरच्या अंगाची शेतं निळी दिसत होती. त्या भागाला आम्ही हेड म्हणतो. खालचं टोक म्हणजे टेल, ते सगळं विटकरी. विटकरी रंगाचा अर्थ असा, की या जमिनीतून पाणी जवळजवळ उडतच नाही. पाणी उडत नाही म्हणजे पीक नाही, आणि पीक नाही तर पाणी कशाला?

"कारण नाही सर," मी म्हणाले. "मॉडेलप्रमाणे तो भाग पडीक आहे."

हे मी इतक्या सहज बोलले की आज आठवलं तरी कानशिलं तापतात.

मार्चचा दुसरा आठवडा, मंगळवार. लातूरला खात्याच्या ऑफिसात मीटिंग चालू होती. निलंग्याकडच्या एका धरणाचा प्रश्न होता. पिण्याचा साठा बाजूला काढला की कालव्याला थोडंच पाणी उरत होतं. शुक्रवारी सकाळी पाळी सुटणार होती. पाळी म्हणजे ठरलेल्या दिवशी कालव्यातून शेतीला मिळणारं पाणी. त्यानंतरची पाळी दीड महिन्याने, आणि तीही मिळेलच असं नाही. कोणतं शेत खरंच किती पाणी वापरतं ते सांगायचं काम आमच्या कंपनीकडे आलं, आणि नांदेड ऑफिसची सीनियर इंजिनियर म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं.

शेतातलं पाणी दोन वाटांनी हवेत जातं. थोडं मातीतून वाळतं, बाकीचं पिकाच्या पानांतून सुटतं. दोन्ही मिळून आम्ही ईटी म्हणतो. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आडून मोजावं लागतं. घाम आलेलं अंग गार पडतं, तसंच पाणी सोडणारं शेत गार राहतं. उपग्रह वरून शेताची उष्णता आणि हिरवेपणा बघतो. त्यावरून आमचं मॉडेल ईटी काढतं. हे मॉडेल जगभर चालतं, वाळवंटापासून पावसाळी जंगलापर्यंत. फक्त तुमच्याकडची हवा, जमीन, झाडं कशी वागतात हे त्याला आधी सांगावं लागतं. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. ते मी केलं होतं.

टेबलाच्या शेवटच्या खुर्चीवरून एक बाई उठल्या. पन्नाशीच्या, काठापदराची साडी, हातात जाड रजिस्टर. टेलच्या पाणीवापर संस्थेच्या चेअरमन, शिवकांता बिरादार. सगळे त्यांना अक्का म्हणत होते.

"साहेब, आमच्या रानात खोडवा हाय," त्या म्हणाल्या. "पडीक न्हाई. मॅडम कवा आल्या होत्या आमच्याकडं, तेवढं विचारा."

साहेबांनी माझ्याकडे मान वळवली. मी खरं तेच सांगितलं. मी हेडची चार शेतं तपासली होती. ती डांबरी रस्त्याला लागून होती. चारही ठिकाणी मॉडेल बरोबर निघालं, मग टेलपर्यंत जायचं मी टाळलं होतं.

अक्का पुढे शांतपणे बोलत राहिल्या. ऊस तुटला जानेवारीअखेर, त्याच्या बुडातून पुन्हा फुटलेला खोडवा आता वीतभर आहे. मागचं पाणी सतरा फेब्रुवारीला मिळालं. विहिरी तळाला गेल्यात. ही पाळी चुकली तर एप्रिल उजाडायच्या आत खोडवा वाळेल. संस्थेत एकवीस घरं आहेत आणि सगळ्यांचा ऊस या एका गेटावर आहे.

साहेब वाईट माणूस नव्हते. पाणी कमी आणि मागणारे जास्त, त्यामुळे चिडून बसले होते. मला म्हणाले, गुरुवारी चार वाजता परत या. आकडा तोच राहिला तर गेट बंद. बदलला तर का बदलला ते मला कागदावर पाहिजे, नुसत्या तोंडी गोष्टी नकोत.

बाहेर येऊन मी पुण्याला आमच्या डायरेक्टरांना, नेने सरांना फोन लावला. त्यांचं म्हणणं मोजकं होतं. मॉडेल व्हॅलिडेट झालंय. किनवटला तूच केलंस. आता ऐन वेळी आपणच आपला आकडा फिरवला तर पुढचं काम कोण देईल? शेतकरी पाणी मागणारच, त्यांचं ते कामच आहे.

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. किनवटचं काम माझ्या अभिमानाचं होतं. आदल्या उन्हाळ्यात मी तिथल्या सागाच्या जंगलात तीन आठवडे काढले होते. मॉडेल म्हणत होतं की जंगल मार्चमध्येही भरपूर पाणी वापरतंय. प्रत्यक्षात साग उघडाबोडका उभा होता आणि जमिनीवर वाळक्या पानांचा थर. पानं बाजूला केली की खाली कोरडी धूळ. मग मी मॉडेलच्या तक्त्यात एक ओळ बदलली. जमिनीवर वाळका पाला दिसला तर झाडं झोपलेली समजावीत, पाणी वापरत नाहीत असं धरावं. आकडे झटक्यात जुळले. पुण्याला माझं कौतुक झालं. ती फाईल मी 'मराठवाडा' नावाने सेव्ह केली आणि निलंग्याला तीच वापरली.

बुधवारी सकाळी एसटीने निलंग्याला उतरले. स्टँडवर अक्का स्कूटी घेऊन उभ्या होत्या. माझ्याकडे ऑगर होता, म्हणजे माती काढायचं कमरेएवढं लोखंडी गिरमिट. तो आडवा धरून मी मागे बसले.

कालव्याच्या बांधावर त्यांनी गाडी थांबवली. समोर टेलचं सगळं शिवार पसरलेलं. मी पाहिलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. डोळ्यांनाही ते विटकरीच दिसत होतं. वाळलेलं, भुरकट, मैलभर. कुठे हिरवं काही नाही. मनात म्हटलं, मॉडेल बरोबर आहे. दोन फोटो काढावेत, एक चहा घ्यावा आणि दुपारच्या गाडीने लातूर गाठावं.

"फोटू काढून झाले का?" अक्कांनी विचारलं.

"हो."

"मग आता खाली उतरा, मॅडम. बांधावरनं आमचं रान दिसत न्हाई."

खाली उतरले. पहिल्या सरीतच पाय घोट्यापर्यंत पाचटात रुतला. पाचट म्हणजे उसाची वाळलेली पानं. तोड झाली की बहुतेक शेतकरी ते जागच्या जागी पेटवून देतात, शेत मोकळं होतं. इथे ते जसंच्या तसं अंथरलेलं होतं. अक्का वाकल्या आणि दोन्ही हातांनी पाचट बाजूला सारलं. खाली काळी माती. या मातीला मार्चमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. इथे एकही भेग नव्हती. मी मूठ भरून घेतली तर मातीचा लाडू झाला. त्यात एक गांडूळ वळवळत होतं. पाचटाच्या मधूनमधून खोडव्याचे कोंब वर आले होते, वीतभर, पोपटी, चांगले जाड. वरून ते पाचटाच्या रंगात बुडून जात होते.

मला किनवटची ती धूळ आठवली. मॉडेलने वाळकी पानं बघितली आणि झाडं झोपलेली समजली. तसं समजायला त्याला मीच सांगितलं होतं. जंगलात पाला पडतो तो झाड थांबलं म्हणून. इथे माणसांनी तो मुद्दाम पांघरला होता, पीक जगावं म्हणून. उपग्रहाला दोन्हीचा रंग एक आणि उष्णताही एक. आणि मी काल भरल्या मीटिंगमध्ये या रानाला पडीक म्हणाले होते.

"हे सगळ्यांनीच केलंय?" मी विचारलं.

"एकवीसच्या एकवीस घरांनी. संस्थेचा नियमच हाय. पाचट जाळलं की त्याची पाळी गेली." त्यांनी रजिस्टर उघडून ठराव दाखवला. "पयल्या साली लई भांडणं झाली. माझा सख्खा दीर बोलत नव्हता माझ्याशी. पर टेलला पाणी येतंच केवढं? जे येतं ते झाकून ठेवावं लागतं."

मी ऑगर उचलला आणि कामाला लागले.

आता अडचण वेगळी होती. मॉडेलमधली ती एक ओळ पुसणं पाच मिनिटांचं काम. पण साहेब म्हणणार, काल एक आकडा, आज दुसरा, उद्या तिसरा सांगाल. मॉडेलचा आकडा मॉडेलने सिद्ध होत नाही. मातीच मोजायला हवी होती.

त्याची रीत सोपी आहे. पाणी दिल्यावर ही माती किती पाणी धरते ते खात्यानेच पूर्वी तपासून ठेवलेलं होतं. अक्कांच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक शेताची मागची पाळी तारीख-वेळेसकट लिहिलेली होती. आज मातीत किती पाणी उरलंय ते कळलं, की मधल्या दिवसांत किती गेलं ते निघतं. भागिले दिवस, झाला ईटी. उरलेलं पाणी मोजायला ओली माती वजन करायची, भट्टीत चोवीस तास वाळवायची, पुन्हा वजन करायचं.

मी घड्याळ बघितलं. साडेनऊ. लातूरच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये भट्टी होती आणि तिथले लॅब असिस्टंट शेख सर माझ्या ओळखीचे. एकपर्यंत नमुने भट्टीत गेले तर उद्या एकला बाहेर, आणि चारला मीटिंग.

सहा शेतांत भोकं पाडली. प्रत्येक ठिकाणी वीतभर, फूटभर आणि दोन फुटांवरची माती. पलीकडच्या एका खरोखर पडीक तुकड्यातलीही घेतली, तुलनेला. ऑगर पिळून माझ्या तळहाताला फोड आले, तेव्हा अक्कांनी तो माझ्या हातातून घेतला आणि माझ्यापेक्षा वेगाने पिळायला लागल्या. मी डब्यांवर नंबर टाकत राहिले. एकवीस डब्या झाल्या. सव्वा वाजता त्या लातूरच्या भट्टीत होत्या. शेख सरांनी दार लावलं आणि मी दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

गुरुवारी सकाळी साडेनऊला शेख सरांचा फोन. आमच्या भागात आज मेंटेनन्स आहे, नऊला लाईट गेली, तीनपर्यंत येणार नाही म्हणतात.

मी रिक्षातच होते. भट्टीला वीस तास मिळाले होते. एवढ्यात माती बहुतेक वाळते, पण काळी माती पाणी सहजी सोडत नाही. आत पाणी राहिलं तर उत्तर चुकीचं येतं, आणि कोणत्या बाजूने चुकीचं तेही मला कळत होतं. मातीत उरलेलं पाणी कमी दिसलं असतं. मग गेलेलं पाणी, म्हणजे ईटी, आहे त्यापेक्षा जास्त निघाला असता. टेलच्या सोयीचा आकडा आला असता आणि कोणी तपासलंही नसतं. हा मोह मला झाला, हे लपवत नाही. रिक्षा लॅबपर्यंत पोचेतो तो टिकला.

लॅबमध्ये चहाचा गॅस होता. शेख सर म्हणाले, जुन्या काळी आम्ही वाळूवर वाळवायचो, करून बघायचं का? परातीत वाळू घातली, वाळूत डब्या रोवल्या, खाली मंद आच. जास्त आच लागली तर मातीतला काडीकचरा जळतो आणि वजन उगाच घटतं. दर वीस मिनिटांनी प्रत्येक डबी काट्यावर. काटा बॅटरीवर चालणारा होता, एवढं नशीब. वजन उतरत राहिलं तर पुन्हा वाळूवर, थांबलं तर बाजूला. शेख सर डबी उचलायचे, मी आकडा लिहायचे. पंखा बंद, गॅस चालू, दोघंही घामाने निथळत होतो. अडीच वाजता शेवटच्या डबीचं वजन सलग दोनदा तेच आलं.

पावणेचारला मी ऑफिसच्या जिन्यात आकडेमोड पुन्हा तपासत उभी होते. नेने सरांचा फोन आला. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, कॅलिब्रेशन चुकलं असं म्हणू नको, 'स्थानिक परिस्थितीनुसार सुधारणा' असं म्हण. बघते, एवढं म्हणून मी फोन ठेवला आणि आत गेले.

साहेबांसमोर कागद ठेवला. अक्का त्याच शेवटच्या खुर्चीवर होत्या.

"मॉडेलने टेलचा ईटी दिवसाला अर्धा मिलिमीटर दाखवला होता," मी सांगितलं. "मातीत मोजलेला सव्वादोन आहे. तिथे पीक आहे. पडीक मी म्हणाले होते, ती माझी चूक. किनवटच्या जंगलासाठी केलेली सेटिंग मी न तपासता इथे वापरली."

हॉलमध्ये कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी कागद वाचला. वाळूवर का वाळवलं ते विचारलं, पडीक तुकड्याचा आकडा विचारला, रजिस्टर मागवून तारखा स्वतः ताडून बघितल्या. अर्धा तास ते मला खोदत होते आणि मी उत्तरं देत होते. मातीत आणखी किती दिवसांचं पाणी आहे, असं शेवटी विचारलं. मी म्हणाले, दहा दिवस. ओढूनताणून बारा.

"ठीक आहे. गेट उघडू," ते म्हणाले. मी अक्कांकडे बघितलं. त्यांनी रजिस्टर छातीशी धरलं होतं.

"हेडचा आकडा किती म्हणालात?" साहेबांनी विचारलं.

"साडेचार."

"म्हणजे टेलची गरज हेडच्या निम्मी. मग टेलला निम्मी पाळी पुरे." त्यांनी पेन उचललं.

हे मला सुचलंच नव्हतं. मी म्हणाले की सर, हेडला पाचट जाळतात, उघड्या मातीवर पाणी भरतात, म्हणून तिथे एवढं उडतं. टेलची गरज कमी आहे कारण त्यांनी ती कष्टाने कमी केली आहे. पूर्ण पाळी दिली तर ते पाणी त्यांना पुढच्या पाळीपर्यंत पुरेल, विहिरींना पाझर लागेल.

"वाचलेलं पाणी धरणाचं असतं, मॅडम. वाचवणाऱ्याचं नसतं," साहेब म्हणाले. "नियम मी केलेला नाही. तुम्ही आकडा दिलात, मी आकड्याप्रमाणे पाणी देतोय."

आकडा खरा होता. मीच तो घाम गाळून खरा केला होता.

जिन्यात अक्का थांबल्या. मला वाटलं आता दोन शब्द ऐकावे लागतील. त्या एवढंच म्हणाल्या, "निम्मं तर निम्मं. खोडवा जगंल." आणि स्कूटीची चावी शोधायला लागल्या.

खोडवा जगला. शुक्रवारी पाणी सुटलं, रविवारी टेलला पोचलं. माझं नाव कंपनीत काही दिवस खराब झालं. मॉडेलच्या फाईलचे मी दोन भाग केले, किनवट वेगळं, निलंगा वेगळं, आणि पाचट ओळखायची एक खूण शोधायच्या मागे लागले. ती अजून पक्की सापडलेली नाही, आणि वाळक्या पाल्याची ती ओळ नुसती पुसली तर खरं पडीक रानही पीक दिसतं, म्हणून तोवर ती निलंग्याच्या फाईलमध्ये तशीच आहे.

पुढच्या फेब्रुवारीत अक्कांचा फोन आला. संस्थेची सभा झाली आणि पाचटाचा नियम रद्द झाला. विरोधात हात एकट्या अक्कांचा.

"लोकं म्हणले, वाचवून निम्मंच भेटतंय, तर वाचवायचं कशापायी," त्या म्हणाल्या. "परवापासून पाचट पेटवायलेत सगळे. तुमच्या नकाशात औंदा आम्ही निळे दिसू, मॅडम."

आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मार्चमध्ये नकाशा काढला. टेल निळं आलं, हेडसारखंच. मीटिंगमध्ये साहेबांनी टेलला पूर्ण पाळी मंजूर केली, एकही प्रश्न विचारला नाही. धरणातलं पाणी आदल्या वर्षापेक्षा तीन आठवडे आधी संपलं.

नव्या इंजिनियरांना मी आता एवढंच सांगते. ज्या आकड्यावर पाणी वाटलं जाणार आहे तो आकडा काढायच्या आधी, कमी वापरणाऱ्याचं त्यात काय होईल ते विचारा. ते बहुधा मान डोलावतात आणि लॅपटॉप उघडतात.

त्या निळ्या टेलमध्ये साडेतीन एकरांचा एक तुकडा विटकरी आहे. अक्कांनी पाचट जाळलेलं नाही. मॉडेल अजूनही त्याला पडीक म्हणतं. नकाशा खात्याला द्यायच्या आधी मी त्यावर पेनाने लिहिते, इथे पीक आहे.